गाडीबाहेरील डिझेल इंजिनाची परीक्षा



परभणी जिल्ह्यांतील जिंतूर या गांवीं आजही रेल्वे नाहीं. माणसांचें जाणेंयेणें आणि धान्याकापसाची ने-आण हीं सारीं रस्त्यावर अवलंबून, आणि रस्त्यावरील बहुतेक ओझें डिझेल इंजिन वाहतें. अशा गांवीं इंजिन बसलें म्हणजे नुसतें यंत्र थांबत नाहीं. एका कुटुंबाची रोजची मिळकत थांबते. नवें इंजिन घेण्याची ऐपत नसलेला जीपवाला अगर शेतकरी मग दुसऱ्या गाडींतून काढलेलें जुनें इंजिन पाहावयास जातो. तें जमिनीवर पडलेलें असतें. त्यास ना रेडिएटर, ना बॅटरी, ना डिझेलची टाकी. विकणारा म्हणतो, "काढलें तेव्हां चालू होतें." या एका वाक्यावर किती पैसे मोजावेत? गाडीबाहेरच्या इंजिनाची प्रकृति कशी ओळखावी, या प्रश्नाचें उत्तर माणसानें गेल्या दोन शतकांत पायरीपायरीनें मिळविलें आहे. तो इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

वाफेच्या इंजिनांच्या आरंभींच्या काळांत परीक्षा म्हणजे कान आणि तळहात. कारागीर आवाज ऐके, कंप पाही आणि निर्णय देई. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटच्या कारखान्यांत सिलिंडरमधील दाब कागदावर रेखाटणारें एक लहानसें उपकरण तयार झालें. त्याचें रहस्य त्या कारखान्यानें पुष्कळ वर्षें बाहेर जाऊं दिलें नाहीं. पुढें 1821 मध्यें फ्रान्समधील गास्पार द प्रोनी यानें फिरत्या दांड्याला लांकडी ठोकळ्यांचा ब्रेक लावून, त्यास लांब दांडी जोडून तिच्यावर वजनें टांगलीं. वजन, दांडीची लांबी आणि फेऱ्यांची गति यांच्या गुणाकारानें इंजिनाची खरी शक्ति कळूं लागली. इंग्लंडांत विल्यम फ्रूड यानें 1877 च्या सुमारास हेंच काम पाण्याच्या अवरोधानें करून दाखविलें. इंजिन काय म्हणतें तें ऐकण्यापेक्षां भाराखालीं तें काय करतें तें मोजावें, हा धडा येथून सुरू झाला.

डिझेल इंजिन तर जन्मलेंच मुळीं गाडीबाहेर. जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें 10 ऑगस्ट 1893 रोजीं रुडॉल्फ डिझेल यानें आपल्या पहिल्या इंजिनांत इंधन सोडलें, तोंच मोठा स्फोट झाला, आणि दाब मोजण्यासाठीं बसविलेलें उपकरणच उडून गेलें. यंत्र चाललें नाहीं. परंतु दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें इंधन पेटतें एवढें सिद्ध झालें. त्यानंतर चार वर्षें दुरुस्त्या झाल्या. तरीहि शोधकाचा शब्द कोणी पुरेसा मानला नाहीं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यालयांतील प्राध्यापक मॉरित्स श्रोटर यांस बोलाविण्यांत आलें. त्यांनीं 17 फेब्रुवारी 1897 रोजीं इंजिनास ब्रेक लावला, तेल मोजलें, घड्याळ पाहिलें. इंजिन सुमारें 18 अश्वशक्तीचें ठरलें. अश्वशक्तीमागें तासाला 238 ग्रॅम तेल लागलें. म्हणजे इंधनांतील उष्णतेपैकीं 26.2 टक्के उष्णतेचें काम झालें. त्या काळचें चांगलें वाफेचें इंजिन याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोंचे. जगानें डिझेलवर विश्वास ठेवला तो या आंकड्यांमुळें. मोटारींत हें इंजिन बऱ्याच उशिरां आलें: मालमोटारींत 1923-24 च्या सुमारास, आणि विक्रीच्या प्रवासी गाडींत 1936 मध्यें.

आपल्या प्रांतांतही डिझेल प्रथम शेतांत आलें, मग रस्त्यावर. सातारच्या कूपर कारखान्यानें 1930 नंतरच्या दशकांत हीं इंजिनें बनविण्यास आरंभ केला. 1946 मध्यें पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरील हें "ऑइल इंजिन" मराठवाड्यांतील अनेक मिस्त्र्यांची पहिली शाळा ठरली. जिंतूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याच्या रेल्वेनें 1932 मध्यें 27 मोटारगाड्यांनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची एस.टी. 1 जून 1948 रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर धांवली, आणि 1956 मध्यें मराठवाडा त्या राज्यास जोडला गेला. गाड्यांचा ताफा मोठा झाला म्हणजे एक नवी गरज उत्पन्न होते. एका इंजिनासाठीं सबंध गाडी उभी ठेवणें परवडत नाहीं. म्हणून बिघडलेलें इंजिन उतरवावें, तयार असलेलें चढवावें, आणि दुरुस्त झालेलें इंजिन पुन्हां बसविण्यापूर्वीं ओट्यावर तपासावें, ही रीत आली. पुण्यांत 1966 मध्यें मोटार उद्योगासाठीं 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संशोधनसंस्था स्थापन झाली. तेथील परीक्षागृहांत प्रोनीच्या ठोकळ्यांचेच सुधारलेले वंशज काम करीत आहेत.

आतां कोणी म्हणेल, असें परीक्षागृह खेड्यांत कोठून आणावें? तें आणावयास नको. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. हवा दाबून तापविणें हाच त्याचा प्राण. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, त्याचा दम शाबूत आहे काय? प्रथम ऑइल पाहावें. तें दुधासारखें पांढरट असेल तर आंत पाणी शिरलें आहे. मग नोझल काढून इंजिन हातानें पुरे दोन फेरे फिरवावें. तें कोठें अडूं नये. नंतर नोझलच्या जागीं दाबमापक बसवावा, डिझेलचा पुरवठा बंद ठेवावा आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीनें स्टार्टर फिरवावा. बॅटरी मंद असली तर निर्दोष इंजिनही दोषी दिसतें. निरोगी सिलिंडरांत बहुधा दर चौरस सेंटिमीटरला पंचवीस ते तीस किलोंचा दाब भरतो. परंतु एकट्या आंकड्यापेक्षां सर्व सिलिंडरांचे आंकडे एकमेकांजवळ आहेत कीं नाहींत, हें अधिक महत्त्वाचें.

एखादा सिलिंडर कमी भरला तर दुसरा प्रश्न: दम कोठून जातो? पिस्टन अगदीं वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतां, फ्लायव्हील पक्कें धरून आंत दाबाची हवा सोडावी. हवेच्या तोंडाशीं फुसफूस ऐकूं आली तर आंत घेणारा व्हॉल्व्ह, धुराड्याशीं आली तर बाहेर सोडणारा, ऑइल भरण्याच्या तोंडाशीं आली तर रिंगा झिजलेल्या. आणि पाण्यांत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेलें. येथेंही कानच लागतो. पण आतां तो मोजमापाच्या हाताखालीं काम करतो.

तिसरा प्रश्न भाराचा. इंजिन भक्कम चौकटीस आवळून, पाणी व ऑइल देऊन चालवितां येतें. काळा धूर अर्धवट जळलेलें इंधन दाखवितो, निळा धूर जळणारें ऑइल. तथापि भाराशिवाय चालणारें इंजिन आपले पुष्कळ दोष लपवितें. विहिरीवरच्या इंजिनास मात्र पंपाचा भार सहज मिळतो. मापाची बाटली व घड्याळ घेऊन पाहावें: पांच अश्वशक्तीच्या नीट इंजिनास पूर्ण भारावर तासाला सुमारें एक किलो, म्हणजे सव्वा लिटरच्या आंतबाहेर, डिझेल लागतें. याहून फार अधिक लागलें तर कारण शोधावें. श्रोटर यांनीं केली ती परीक्षा हीच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. नोझलची धार कधींही हातावर पाहूं नये. ती कातडीच्या आंत शिरते, आणि त्यापायीं बोट गमावण्याची पाळी येते. तसेंच झिजलेलें डिझेल इंजिन स्वतःचेंच ऑइल पिऊन बेफाम पळूं शकतें. मग डिझेल तोडूनही तें थांबत नाहीं. म्हणून हवेचें तोंड झांकण्यास एक सपाट फळी आधींच जवळ असावी.

मिस्त्र्याच्या अनुभवाचें मोल यानें कमी होत नाहीं. मात्र त्याचें ज्ञान त्याच्यापाशींच राहतें. मापकावरील आंकडा घेणारा, विकणारा आणि मिस्त्री असे तिघेही एकदम पाहतात. प्रामाणिक विक्रेत्यालाही त्याचा आधार होतो, कारण त्याचें बोलणें मग नुसत्या शब्दावर उभें राहत नाहीं. खुद्द रुडॉल्फ डिझेललाही आपल्या इंजिनासाठीं तिऱ्हाइताची साक्ष घ्यावी लागली, आणि तींत त्याचा अपमान झाला नाहीं, नांवच झालें. सौदा ठरण्यापूर्वीं चारही सिलिंडरांचे दाब कागदावर लिहून घ्यावेत. त्या कागदास खर्च थोडा येतो, आणि तो एका घरची वर्षाची कमाई वांचवूं शकतो.