दिनविशेष : २६ ऑगस्ट १८४३ – राणीचं गुपित चित्र

प्रिन्स अल्बर्टचा हा चोविसावा वाढदिवस. राणी व्हिक्टोरियाने त्याला न कळवता फ्रान्झ झेव्हर विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि याच दिवशी भेट दिलं. राणीही चोवीसच वर्षांची. लंबगोलाकार चित्रात ती लाल उशीला रेलली आहे, खांदे उघडे, अर्धवट सुटलेल्या केसांची एक लांब बट खांद्यावर उतरली आहे. मुकुट नाही, राजदंड नाही. नवऱ्याने पाहावं म्हणून काढलेलं हे चित्र विंडसरला अल्बर्टच्या लिहिण्याच्या खोलीत लागलं. राज्याभिषेकाच्या भव्य चित्रांहून मला ते कितीतरी खरं वाटतं.

मुंबईला राणी भेटली ती मात्र सिंहासनावर बसलेली, संगमरवरी. मॅथ्यू नोबलने घडवलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं, ते पाहायला खंडेराव हयात नव्हते. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं. तो डाग काढायला रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांची विद्या कामी आली. लोकलने भायखळ्याला उतरावं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हा पुतळा आजही पाहता येतो.