दुकानाआधी दिवाणजी

धंदा टाकायचा ठरला की आपल्याकडे गाळा बघतात, पाटी रंगवतात, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरवतात. हिशेब कोण लिहिणार, हा प्रश्न सर्वांत शेवटी, बहुतेकदा आयकराच्या नोटिशीबरोबर येतो. पेण-रोह्यात आखातातून परतून कमाई धंद्यात घालणाऱ्या आमच्या तरुणांचंही तेच. मला याचं नवल वाटतं, कारण हिशेब लिहिण्याची भाषाच मुळात अरबी-फारसीतून आपल्याकडे आली.

1674 साली याच जिल्ह्यात, रायगडावर, शिवरायांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांतल्या मुजुमदाराला अमात्य हे संस्कृत नाव मिळालं. काम मात्र तेच राहिलं, राज्याचा जमाखर्च तपासण्याचं. मुजुमदार म्हणजे मूळचा मजमूआदार. फडणीस म्हणजे फर्दनवीस, फर्द लिहिणारा. राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण बाजाराने हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम यांतला एकही शब्द सोडला नाही! शब्दांपेक्षा मला रीत महत्त्वाची वाटते. खर्च करणारा एक आणि तो लिहून तपासणारा दुसरा. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, आणि तिथेही दोन्ही पक्षांमध्ये न्यायाने लिहिणारा लेखनिक सांगितला आहे.

पूर्वीच्या पेढ्यांवर हे काम दिवाणजी करत. रोजकीर्द, मग खतावणी, आणि अक्षर मोडी. पुढे त्यांची जागा सीएने घेतली. सनदी लेखापालांचा कायदा 1 जुलै 1949 ला अमलात आला. योगायोग असा की, रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख आदल्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावरून उतरले होते.

पेणचे गणपती कारखानेच बघा. माती, रंग, मजुरी यांचा खर्च वर्षभर चालतो आणि पैसा मुख्यतः गणेशोत्सवाच्या आसपास येतो. तेव्हा हातात आलेली रक्कम नफा समजून कोणी घर बांधायला काढली, तर पुढच्या हंगामाचं भांडवल कुठून आणणार? रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत छोटी कंत्राटं घेणाऱ्याचं उलटं असतं. मजुरांना पगार आधी द्यायचा, बिल नंतर मिळणार. या दोघांना एकच सल्ला चालणार नाही. म्हणून सीए किंवा हिशेबनीस गाठायचा तो गाळ्याचा करार करण्याआधी.

त्याला पहिल्याच भेटीत विचारा, जीएसटीची नोंदणी लागेल का? महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ती सहसा वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत. करपात्र माल राज्याबाहेर पाठवणाऱ्याला मात्र ही सूट नाही. घराचं आणि धंद्याचं बँक खातं वेगळं करा. बँकेत कर्ज मागायला गेलं की आधी मागच्या वर्षांचे ताळेबंद मागतात, आणि आपले कितीतरी अर्ज तिथेच अडतात. फी जास्त वाटली, तर महिन्याला एकदा वह्या बघून देणारा माणूस तरी ठरवा. रोजची नोंद मात्र त्याच रात्री, गल्ला मोजतानाच व्हायला हवी.