प्राक्षेपिकी गुणांक

हवेच्या रोधातही रायफलची गोळी आपला वेग किती टिकवून धरते, हे दर्शविणारा अंक. नेमबाज याला ‘बीसी’ म्हणतात. गोळीच्या पौंडांतील वजनाला इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले की छेदीय घनता मिळते; तिला आकार गुणकाने (गोळीच्या आकारामुळे होणारा रोध प्रमाण गोळीच्या किती पट, हे सांगणाऱ्या संख्येने) भागले की हा गुणांक येतो.

हा अंक नेहमी एखाद्या प्रमाण गोळीच्या तुलनेत असतो. जी-१ ही प्रमाण गोळी सपाट बुडाची व आखूड टोकाची, तर जी-७ लांब टोकाची व निमुळत्या बुडाची. आजच्या लांब पल्ल्याच्या गोळ्यांशी तीच जुळते. ०·३०८ इंच व्यासाची १७५ ग्रेन वजनाची सिएरा मॅचकिंग गोळी जी-१ नुसार सुमारे ०·५०, जी-७ नुसार सुमारे ०·२४ ठरते. म्हणून एका गोळीचा जी-१ अंक दुसरीच्या जी-७ अंकाशी ताडणे ही निवडीतली सर्वांत मोठी चूक होय.

शंभर-दोनशे मीटरांवर गुणांकातील फरक फारसा जाणवत नाही. हजार मीटरांकडे जाताना, विशेषतः आडव्या वाऱ्यात, तो निर्णायक ठरतो. मात्र जास्त गुणांकाची गोळी सहसा लांब असते, आणि लांब गोळीला नळीतील खाचांचा अधिक जलद पीळ लागतो. तो अपुरा असल्यास गोळी हवेत स्थिर राहत नाही आणि छापील गुणांक निरुपयोगी ठरतो.