कठीण पण ठिसूळ नमुन्यांची पूड: आघात-खलाचा इतिहास

खनिजाचे किंवा खडकाचे विश्लेषण म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठे स्पेक्ट्रोमीटर येतात. त्यांच्या आधी एक साधी पायरी असते: नमुना फोडून त्याची पूड करणे. पाठ्यपुस्तकात तिला जेमतेम एक ओळ मिळते. पण या पायरीवर नमुन्यात जे मिसळते किंवा नमुन्यातून जे हरवते, ते पुढचे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. म्हणून या टिपणात आपण नमुना फोडण्याच्या साधनांचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. 'कठीण' आणि 'न फुटणारा' हे एकच, असा समज फार जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्ग-इतिहासाच्या ३७ व्या भागात लिहून ठेवले आहे की हिरा ऐरणीवर ठेवून घाव घातला तर हातोडा आणि ऐरणच फुटते, हिरा नाही. तो फोडायचा असेल तर आधी बोकडाच्या ताज्या, कोमट रक्तात भिजवावा लागतो. गंमत म्हणजे त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की हिऱ्याचे बारीक कण लोखंडात बसवून रत्नांवर कोरीव काम करणारे कारागीर ते वापरतात. म्हणजे हिरा फुटत होता, हे कारागिरांना ठाऊक होते.

फ्रीडरिक मोस याने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर आहे. पण ती श्रेणी ओरखड्याची आहे, घावाची नाही. हिऱ्यात ठराविक पाटनतले असतात आणि त्यांच्या दिशेने बसलेल्या एका घावात तो दुभंगतो. उलट नेफ्राइट हा जेडचा प्रकार मोसच्या श्रेणीत ६ ते ६.५ च्या आसपास येतो, पण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की हातोड्याला तो सहजी दाद देत नाही. जो पदार्थ कठीण आहे पण चिवट नाही, तो घासू नये, ठोकावा. घासाल तर तो तुमच्या खलालाच खरवडेल. या लेखातली बहुतेक साधने याच एका जाणिवेतून तयार झाली आहेत.

मोठ्या प्रमाणावर धातुक फोडण्याची सोय खाणींत आधीपासून होती. १५५६ साली छापलेल्या आग्रिकोलाच्या ग्रंथात पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांची चित्रे आहेत: लाकडी दांडे, तळाशी लोखंडी टोप, आणि फिरत्या आसावरच्या खुंट्या त्यांना आळीपाळीने उचलून सोडतात. आपल्या उखळ-मुसळाचाच हा थोरला भाऊ. पण प्रयोगशाळेतला माणूस टनांत नाही, ग्रॅमच्या अंशांत काम करतो. एक कपची उडून टेबलाखाली गेली तर नमुन्याचा चौथा हिस्सा गेला असे समजा.

या अडचणीवरचे उत्तर आज प्लाट्नरच्या नावाने ओळखले जाते. कार्ल फ्रीडरिक प्लाट्नर (१८००–१८५८) हा सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयाचा प्राध्यापक आणि फुंकनळीने धातुकाची परीक्षा करण्यात युरोपभर नावाजलेला माणूस. त्याचा त्या विषयावरचा ग्रंथ १८३५ चा. 'प्लाट्नरचा खल' किंवा 'हिरा-खल' म्हणतात त्याचे तीन भाग असतात. तळाशी खोलगट पोलादी बैठक, तिच्यात घट्ट बसणारी नळी, आणि नळीत जेमतेम सरकेल असा पोलादी दांडा. तुकडा नळीत टाकायचा, दांडा वर ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचे. कपचीला उडायला वाटच नसते. मग नळी काढून चाळणी करायची आणि वर राहिलेले कण पुन्हा आत. दांडा गोल फिरवायचा नाही. तो ठोकण्यासाठी आहे, घोटण्यासाठी नाही.

कणन् कण का जपायचा, हे प्लाट्नरच्याच एका विश्लेषणावरून कळते. १८४६ साली त्याने एल्बा बेटावरच्या पोलक्स या दुर्मीळ खनिजाचे विश्लेषण केले. सगळ्या घटकांची बेरीज १०० च्या जवळ यायला हवी. त्याची आली सुमारे ९३. पुन्हा करून पाहायला खनिज उरले नव्हते. १८६० साली बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी सीझियम शोधले आणि १८६४ साली पिसानीने पोलक्स पुन्हा तपासले. प्लाट्नरने ज्याला पोटॅशियम समजले होते ते सीझियम होते. त्याचे वजन घेणे बरोबर होते, मूलद्रव्याला तेव्हा नावच नव्हते. जुळत नाही ती बेरीज त्याने जुळवून दाखवली नाही, हे मला त्याच्या सगळ्या कामात मोठे वाटते.

आता पोलादाची दुसरी बाजू पाहू. घाव नमुन्यावर बसतो तसा खलावरही बसतो, आणि पोलादाचा अंश पुडीत उतरतो. हिरा किंवा क्वार्ट्झ असेल तर पातळ आम्लात धुऊन लोखंड काढता येते. पण बेसाल्ट असेल तर आम्ल खडकातलेही काही विरघळवेल. लोहचुंबक फिरवला तर पोलादाबरोबर खडकातला मॅग्नेटाइटही निघून जाईल. मग बारीक पुडीसाठी अकीकाचा खल घेतात. तो कठीण आणि रासायनिकदृष्ट्या शांत असतो, पण स्वतः ठिसूळ असल्यामुळे त्यात ठोकता येत नाही. म्हणून आधी पोलादात फोडणे आणि मग अकीकात घोटणे अशी जोडी रूढ झाली.

त्या घोटण्यातही मेख निघाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला रसायनज्ञ हिलब्रँड याने १९०८ साली दाखवले की खडक हवेत फार वेळ आणि फार बारीक घोटला तर पूड हवेतले पाणी धरते आणि तिच्यातल्या फेरस लोहाचा काही भाग फेरिक होतो. म्हणजे बाहेरून काही न मिसळताही नमुना बदलतो. फेरस लोह मोजायचे असेल तर अल्कोहोलखाली घोटण्याची पद्धत यातूनच आली.

इतका वेळ घोटावे का लागते? रिटिंगरने १८६७ साली मांडले की दळण्याची ऊर्जा नव्याने तयार होणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते. एक सेंटिमीटरचा घन घ्या: पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे ०.१ मिलिमीटरचे घन केले तर ६००, आणि ०.०१ मिलिमीटरचे केले तर ६०००. ग्रिफिथने १९२१ च्या निबंधात कारण आणखी खोलवर नेले: ठिसूळ पदार्थ आतल्या भेगांमुळे फुटतो. तुकडा लहान झाला की लांब भेगा संपलेल्या असतात आणि उरलेला कण जास्त बळकट असतो. म्हणून पहिला घाव स्वस्त आणि शेवटची बारीक पूड महाग. आणि खलाची झीजही याच शेवटच्या टप्प्यात सर्वांत जास्त पुडीत उतरते.

श्रोटरने १९२३ साली कोबाल्टने बांधलेल्या टंगस्टन कार्बाइडचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने ते 'विडिया' नावाने बाजारात आणले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हिऱ्यासारखे'. पुढे याच पदार्थाची भांडी वलय-चक्कीत आली. या चक्कीत एका बंद भांड्यात जाड चकती आणि तिच्याभोवती वलय असते. भांडे आडवे गरगरा हलवले की दोन्ही एकमेकांवर आणि भिंतीवर आपटतात आणि काही मिनिटांत पूड तयार होते. लोखंडाचा प्रश्न मिटला, पण पुडीत टंगस्टन आणि कोबाल्ट आले, कधी टँटलमही. खडकातले टँटलम दशलक्षात एक भाग किंवा त्याहून कमी मोजणाऱ्याला हे भांडे चालत नाही.

ही भेसळ दिसत का नाही, तेही समजून घ्या. जी-१ ग्रॅनाइट आणि डब्ल्यू-१ डायबेस या दोन खडकांची एकेकच पूड तयार करून अनेक प्रयोगशाळांना वाटली गेली आणि १९५१ साली निकाल प्रसिद्ध झाले. आकड्यांत बरीच तफावत होती. पूड एकच असल्यामुळे ती तफावत दळण्याची नव्हे, विश्लेषणाचीच, असे म्हणता आले. पण याच रचनेत दळताना काही मिसळले असेल तर ते सगळ्यांकडे सारखेच जाणार. आकडे एकमेकांशी जुळतील आणि तरी चूक तशीच राहील.

तुमच्यापैकी स्थापत्य शाखेच्या मुलांनी खडीची आघात चाचणी केली असेल: सुमारे १४ किलोचा हातोडा, ३८० मिलिमीटर उंची, १५ घाव, मग २.३६ मिलिमीटरची चाळणी. तिथे घाव हेच मोजमाप आहे, म्हणून खडीत पोलादाचा कण आला तरी बिघडत नाही. विश्लेषणासाठीची पूड मात्र त्या यंत्रातून घेऊ नका.

आजही प्रत्येक भांडे काही ना काही देते: पोलाद लोह आणि क्रोमियम, अकीक सिलिका, झिर्कोनिया झिर्कोनियम. म्हणून कोणते मूलद्रव्य मोजायचे ते आधी ठरवून मग भांडे निवडतात, आणि नमुन्यांच्या आधी त्याच भांड्यात तेवढाच वेळ शुद्ध क्वार्ट्झ दळून त्याचेही विश्लेषण करतात. क्वार्ट्झमध्ये जे नसायला हवे होते आणि आढळले, ते भांड्याचे. प्रयोगाच्या वहीत त्या आकड्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, आणि शेजारी भांड्याचा पदार्थ व दळण्याची मिनिटे लिहा.