स्थलांतर आणि मताचें वजन

निवडणुकांचा इतिहास लिहितांना आपण पुढाऱ्यांचीं भाषणें, पक्षांचे जाहीरनामे आणि फुटीरांच्या कारवाया यांचाच बहुधा विचार करतों. परंतु या गलबल्याखालीं माणसांच्या स्थलांतराचा एक मंद प्रवाह सतत वाहत असतो, आणि पक्षांचें बलाबल पुष्कळदां तोच बदलून टाकतो. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर या कोळशाच्या खाणीच्या गांवावरून पाहिलें असतां ही गोष्ट चांगली उमगते.

विदर्भ हा दीर्घकाळ काँग्रेसचा बालेकिल्ला होता. १९७७ सालीं उत्तर भारतांत त्या पक्षाचा धुव्वा उडाला, तरी विदर्भानें त्याची साथ सोडली नाहीं. १९७८ सालीं इंदिरा गांधींच्या नव्या काँग्रेसला विधानसभेंत मिळालेलें यशहि मुख्यतः येथलेंच. इकडे मुंबईच्या सीमेवर निराळेंच घडत होतें. मुंबईंत जागा न परवडणारें मध्यमवर्गीय कुटुंब आणि पोटासाठीं आलेला कामगार हे दोघेहि ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांत वस्तीस जात होते. १९६७ सालीं शिवसेनेस पहिलें मोठें यश लाभलें तें ठाणे नगरपालिकेंतच.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें मतदारसंघांची रचना १९७१ च्या जनगणनेवर गोठविली होती. म्हणून माणसें हललीं तरी जागा हलल्या नाहींत. पुढें २००१ ची जनगणना प्रमाण धरून राज्यांतील सीमा नव्यानें आंखल्या गेल्या आणि २००८ सालीं ती रचना अंमलांत आली. एकूण जागा पूर्वींप्रमाणें २८८ च राहिल्या. पण विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या, यवतमाळ जिल्ह्याच्या ८ च्या ७, आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४! खुद्द मुंबईंत जुन्या शहराच्या १७ जागा १० वर आल्या व उपनगरांच्या १७ च्या २६ झाल्या. राजुरांत कांहींएक न घडतां राजूरच्या प्रदेशाचें वजन घटलें.

तेव्हां शहरांत रुजलेल्या पक्षांचा जय ठरलेलाच होता, असें कोणी म्हणेल. पण २००९ सालीं काँग्रेसला ८२ व राष्ट्रवादी काँग्रेसला ६२ जागा मिळून त्यांचीच सत्ता टिकली. भाजप व शिवसेना यांना मिळून ९० च मिळाल्या. शहरी मराठी मतांत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनें वांटा घेतला व १३ जागा जिंकल्या, हें त्याचें एक कारण. वणी मतदारसंघानें तर २००९ मध्यें काँग्रेस, २०१४ व २०१९ मध्यें भाजप आणि २०२४ मध्यें ठाकरे यांची शिवसेना अशी निवड केली. जनगणना पट मांडून देते. सोंगट्या हलविणें पक्षांच्याच हातीं राहतें.

तथापि पटावरील घरेंच कमी झालीं, तर कुशल खेळाडूहि काय करणार? माणशीं सारखें मत हें तत्त्व न्याय्यच आहे. परंतु ज्या प्रदेशांत रोजगार नाहीं तेथून माणूस जातो, माणूस गेला कीं जागा जाते, आणि जागा गेली कीं रोजगार मागणारा आवाजहि क्षीण होतो. या चक्रांत सांपडलेल्या मुलखाचा विचार पुढील फेररचनेपूर्वींच व्हावयास हवा, असें आम्हांस वाटतें. सीमा आंखून झाल्यावर केलेल्या तक्रारीस मोल उरत नाहीं.