गावाने आधी द्यायचे पंचवीस रुपये : बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीतील बिनपगारी माणसे

ग्रंथालयाचा इतिहास बहुधा संस्थापकाच्या तसबिरीपासून सुरू होतो आणि इमारतीच्या कोनशिलेपाशी संपतो. देणगी कोणी दिली, उद्घाटन कोणी केले, शताब्दीला पाहुणे कोण आले, हे स्मरणिकांतून सापडते. पण वर्गणी थकवलेल्या सभासदाच्या दारात चौथ्यांदा कोण गेले, पावसाळ्याआधी कपाटे भिंतीपासून कोणी सरकवली, फाटलेल्या कादंबऱ्यांची बांधणी कोणी करून आणली, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. ग्रंथालय उभे राहते देणगीवर आणि चालते ते या कामांवर. ही कामे करणारा माणूस बहुतेक वेळा बिनपगारी असतो. गमतीने आपण त्याला ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणतो. त्याच्या वाट्याला अधिकार किती येतो, हे ज्याने कोणत्याही वाचनालयाचे कार्यवाहपद सांभाळले आहे त्यालाच ठाऊक.

या माणसाला आपल्याकडे पहिल्यांदा गांभीर्याने हिशेबात धरले ते बडोदा संस्थानाने. या चळवळीचे श्रेय सयाजीराव गायकवाड आणि विल्यम बॉर्डन या दोघांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र तिचा पाया एका शिक्षकाने आणि त्याच्या मित्रांनी आधीच घातला होता, आणि पुढे तिला सावरून धरले ते एका सहकारी मंडळाने. हा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. राजा मराठी, चळवळीचा सूत्रधार काही वर्षे मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती, आणि जो प्रश्न त्या काळी सोडवायचा होता तो आजही महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाववाचनालयाच्या दारात उभा आहे.

आधी मित्र, मग सरकार

मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) हे चरोतर भागातल्या वसो गावचे. पेशाने शिक्षक. पेटलादच्या शाळेत शिकवताना आणि तिथले विद्यार्थिगृह चालवताना त्यांना एक गोष्ट दिसली. मुले शाळेत वाचायला शिकतात, आणि शाळा सुटल्यावर गावात वाचायला काहीच नसल्यामुळे शिकलेले विसरतात. विद्यार्थिदशेपासूनच त्यांना वाचनालयाचे वेड होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावाने एक योजना सुरू केली. मित्रांकडून थोडी थोडी वर्गणी जमवायची, त्यातून वर्तमानपत्रे आणि पुस्तके घ्यायची आणि गावोगावच्या वाचनालयांना पुरवायची. गावात कोणीतरी एकाने जबाबदारी घेतली की झाले. इमारत नको, समारंभ नको. ओटी चालेल, धर्मशाळा चालेल, शाळेची खोली चालेल. सरकारी ग्रंथालय खाते जन्माला येण्याच्या आधी अशी शंभराहून अधिक वाचनालये उभी राहिली होती.

महाराष्ट्रातही याच सुमाराला अशा खटपटी चालू होत्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले तेव्हा त्याचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून ओळखले गेलेले, अवघ्या विशीतले होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. पण या संस्था शहरांतल्या. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका छपराखाली यावे, हा त्यांचा ध्यास. अमीनांचा ध्यास वेगळा होता. प्रत्येक छपरापर्यंत एक तरी पुस्तक जावे, हे त्यांना हवे होते. दोन्हींसाठी स्वयंसेवक लागतात. पण संग्रह सांभाळायला चिकाटी लागते, आणि पुस्तके गावोगाव पोहोचवायची तर जागोजागी एकेक भरवशाचा माणूस लागतो. तो माणूस शोधणे हेच अमीनांचे खरे काम होते.

बॉर्डन आले, यंत्रणा आली

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती संस्थानभर लागू केली. सक्तीने शिकलेली मुले पुढे काय वाचणार, हा प्रश्न ओघानेच आला. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन इथले ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, वर्गीकरणाची पद्धत, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग, फिरती ग्रंथालये या सगळ्याची घडी त्यांनी बसवली. १९११ चा त्यांचा वर्ग हा भारतातला ग्रंथालयशास्त्राचा पहिला वर्ग मानला जातो. महाराजांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला.

बॉर्डन यांच्यानंतर ग्रंथालय खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. त्यांनी परदेशी ग्रंथालयांचा अभ्यास केला आणि १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. खात्याच्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ग्रंथालय कसे चालवावे, याबद्दलचे मराठीतले सुरुवातीचे बरेचसे लेखन त्यातून आले.

परंतु या घडामोडींतली शहाणपणाची गोष्ट दुसरीच होती. सरकारने अमीनांच्या वाचनालयांना बाजूला सारून नवी सरकारी वाचनालये काढली नाहीत. असलेलीच वाचनालये हाताशी धरली, आणि अमीनांनाच खात्यात घेऊन ग्रामीण विभागाचे काम सोपवले. ज्याने वर्गणी मागत गावे पालथी घातली, तोच आता अनुदानाचा कागद घेऊन त्याच गावांत जाऊ लागला. त्यामुळे गावकऱ्यांना सरकार परके वाटले नाही, आणि सरकारलाही गावे अनोळखी राहिली नाहीत.

एक तृतीयांशाचा हिशेब

बडोद्याच्या योजनेचा गाभा एका साध्या अटीत होता : आधी गावाने द्यायचे. गावाने पंचवीस रुपये जमवले की खाते शंभर रुपयांची देशी भाषेतील पुस्तके देई. पुढे दरवर्षी गाव जितकी रक्कम उभी करील तितकीच प्रांत पंचायत देई आणि तितकीच सरकार. लहान गावासाठी या रकमेची मर्यादा शंभर रुपये होती, कसब्याला तीनशे आणि प्रांताच्या मुख्य गावाला सातशे. इमारतीच्या खर्चालाही हाच तिहेरी वाटणीचा न्याय लावला गेला.

यात पैशाइतकेच महत्त्व गावाच्या हालचालीला होते. पंचवीस रुपये जमवायचे तर आठ-दहा माणसांनी एकत्र बसावे लागते, यादी करावी लागते, घरोघर जावे लागते, कोणी किती दिले हे लिहून ठेवावे लागते. म्हणजे पुस्तके यायच्या आधीच समिती तयार होते. पुस्तके आली की ती कुलूपबंद पडून राहणार नाहीत, याची काळजी पैसे दिलेली माणसेच घेतात. ग्रंथपालाचे काम बहुधा गावच्या शाळामास्तराकडे असे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो कपाट उघडी. त्याबद्दल काही मिळालेच, तर ते मानधन नावापुरते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बडोदा संस्थानात अशी सहाशेहून अधिक ग्रामवाचनालये चालू होती. तेवढ्या ठिकाणी पगारी ग्रंथपाल नेमणे त्या काळी कोणत्याच सरकारला परवडले नसते.

या अटीला दुसरी बाजूही आहे. जे गाव शंभर रुपये जमवू शकते त्याला तीनशे मिळतात. जे दहाच जमवू शकते ते मागे राहते. चरोतर हा तंबाखूच्या शेतीने सधन झालेला मुलूख. तिथे वर्गणी जमणे आणि कोरडवाहू भागात जमणे, यांत फरक पडणारच. शिवाय वर्गणीदारांनी नेमलेली समिती आधी वर्गणीदारांचा विचार करते. ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे नाहीत, ज्याला त्या ओटीवर बसू दिले जात नाही, किंवा जिला घराबाहेर पडून वाचनालयात जायची मोकळीक नाही, त्यांचे काय, याचे उत्तर तिहेरी वाटणीत नव्हते.

खात्याने त्यासाठी निराळ्या वाटा काढल्या. वाचनालय नसलेल्या गावी पंधरा ते तीस पुस्तकांच्या पेट्या फिरत. त्यांच्या ने-आणीचा खर्च सरकार करी. गावाने फक्त पेटीची जबाबदारी घेणारा एक माणूस द्यायचा. बडोदा शहरात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय झाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी शाखा होती. ग्रंथालयाने निरक्षर माणसालाही आपला सभासद मानावे, हा विचार त्या काळात विरळाच. मात्र पेटी असो वा पडदा, गावात पोहोचल्यावर तीही कोणा बिनपगारी माणसाच्याच हाती पडत असे.

मदत करणाऱ्यांना मदत

अमीनांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम १९२४ सालचे. त्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने बडोद्यात ‘पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ’ स्थापन झाले. नावातच काम आहे. हे मंडळ ग्रंथालय चालवत नव्हते. ग्रंथालये चालवणाऱ्यांना साहाय्य करत होते.

खेड्यातल्या समितीला पैसे मिळाले तरी तिच्या अडचणी संपत नसत. कोणती पुस्तके घ्यावीत हे कळायला मार्ग नाही. शहरातला विक्रेता दहा-वीस पुस्तकांच्या मागणीवर सूट देत नाही. नोंदवह्या कशा आखाव्यात ठाऊक नाही, आणि बांधणीकार तालुक्याच्या गावीही सापडेलच असे नाही. मंडळाने अनेक वाचनालयांची मागणी एकत्र करून खरेदी सुरू केली. पुस्तके, नियतकालिके, ग्रंथालयाला लागणारे सामान हे सगळे एका ठिकाणाहून मिळू लागले. ‘पुस्तकालय’ नावाचे गुजराती मासिक निघाले, त्यातून एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला कळू लागला. एकट्या पडलेल्या कार्यवाहाला आपल्यासारखे आणखी कितीतरी जण आहेत हे समजणे, हीदेखील मोठी मदत असते.

सहकारी स्वरूपाचाही एक अर्थ होता. दानावर चालणारी मदत दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहते आणि सरकारी मदत अंदाजपत्रकावर. मंडळ त्याच्या सभासदांच्या मालकीचे होते. १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ग्रंथालय खात्याचे जुने रूप तेव्हा संपले, पण मंडळ त्यानंतरही टिकले.

आपल्याकडचे गणित

महाराष्ट्राला हा वारसा अर्धाच मिळाला. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला, तो भारतातला पहिला. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयासाठी कर बसवला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्यात ग्रंथालय कर नाही. गावोगावी लोकांनी काढलेल्या वाचनालयांना मान्यता द्यायची, ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत. तत्त्व बडोद्याचेच : लोकांनी काढावे, सरकारने हात द्यावा. आज अशी मान्यताप्राप्त वाचनालये हजारोंच्या संख्येने आहेत, आणि ती विश्वस्त, कार्यवाह आणि अल्प मानधनावरचे ग्रंथपाल यांच्या जिवावर उभी आहेत.

पण सरकारने हात किती द्यायचा? २०१२ नंतरची दहा वर्षे ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. त्यातून कर्मचाऱ्याचे वेतन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि जागेचे भाडे भागवायचे. २०२२ च्या अखेरीस अनुदान साठ टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला, तरी हिशेबाचे रूप बदलले नाही. बडोद्यात गावाच्या एका रुपयावर बाहेरून दोन रुपये येत आणि पाठीशी फिरत्या पेट्या, प्रशिक्षण आणि सहायक मंडळ असे. आपल्याकडे स्वयंसेवकाचा उत्साह गृहीत धरला गेला. त्याला लागणारी यंत्रणा मात्र तितक्या नेटाने उभी राहिली नाही. त्यात वर्गवारीचा तोटाही बडोद्याच्या अटीसारखाच आहे. ज्या वाचनालयाकडे आधीच पुस्तके, सभासद आणि जागा आहे त्याला जास्त मिळते, आणि ज्याला खरी गरज आहे ते खालच्या वर्गात राहते.

आज अनेक वाचनालयांत कार्यवाह सत्तरीच्या पुढचे आहेत. तरुण येत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तरुणांचा वाचनाशी संबंध तुटला, असे म्हणून ती निकालात काढणे सोपे आहे. पण येणाऱ्या तरुणाला आपण काय देतो, हेही पाहायला हवे. अनुदानाचे अर्ज, तपासणीची कागदपत्रे, थकलेली बिले आणि वार्षिक सभेतली खडाजंगी एवढेच त्याच्या पुढ्यात येणार असेल, तर तो पहिल्या दिवाळीनंतर दिसेनासा होतो. पेटलादच्या त्या शिक्षकाने मित्र जमवले तेव्हा त्यांना त्याने एका संध्याकाळी पुरे होणारे काम दिले होते. तेवढे सोपे काम आणि पाठीशी भरवशाचे मंडळ मिळाले, तर आजही माणसे पुढे येतील.

बडोद्याच्या अनुभवाचे मोल तिथल्या आकड्यांपेक्षा या क्रमात आहे. आधी चार मित्र एकत्र आले, मग गावाने वर्गणी दिली, मग सरकारने दुप्पट भर घातली, आणि शेवटी या सगळ्यांचा भार वाहणाऱ्यांसाठी एक मंडळ निघाले. आपण मधले दोन टप्पे घेतले आणि शेवटचा सोडून दिला. एखाद्या तालुक्यातली पाच-दहा वाचनालये एकत्र येऊन खरेदी, बांधणी आणि हिशेब तपासणी यांची सोय लावू लागली, तर तो टप्पा १९२४ पासून आपली वाट पाहतोच आहे.