कुटुंबवैद्य व एकात्म आरोग्यसेवा (सातारा-सांगली)
एखाद्या प्रदेशातील प्रतिबंधक, उपचारात्मक व रुग्णालयीन सेवा परस्परांना जोडणाऱ्या व्यवस्थेस एकात्म आरोग्यसेवा म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत खाजगी कुटुंबवैद्य हा तिचा जुना, परंतु सैल राहिलेला दुवा होय.

मिरज येथे विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) ह्यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय स्थापन केले. पुढे त्याला जोडून वैद्यकीय शाळाही निघाली. साताऱ्यास १९१६ मध्ये आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक ह्यांची सांगड त्याच्या नावातच आढळते. मुंबई इलाख्याच्या १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांच्या नोंदणीची तरतूद झाली. व्यवसायास मान्यता मिळाली. सार्वजनिक सेवेत स्थान मात्र मिळाले नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या कक्षेत आली. कुटुंबवैद्य ह्या रचनेबाहेरच राहिला. १९७० नंतरच्या दशकात मिरज तालुक्यात मिशन रुग्णालयाच्या पुढाकाराने एकात्म आरोग्यसेवा प्रकल्प राबविण्यात आला. रुग्णालयाने खेड्यापर्यंत जावे, हे त्याचे सूत्र होते.

२०१२ मध्ये केंद्र शासनाने क्षयरुग्णाची नोंद कळविणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक केले. रुग्ण बहुधा प्रथम ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. ती नोंद आरोग्य यंत्रणेपर्यंत न पोहोचल्यास घरातील इतरांची तपासणी राहून जाते व रोग पसरतो. तथापि केवळ नोंद म्हणजे एकात्मता नव्हे. पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे कुटुंबवैद्यास परत कळले, तरच हा दुवा पक्का होतो.